मामा मोठ्याने वाचायचे

चेन्नईत आम्हाला घर मिळालं ते केवळ मराठी बोलतो म्हणून. नुंगंबाक्कमच्या एका आतल्या गल्लीत खाली घरमालक, वर आम्ही. घरमालक तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घराण्यात कोणी महाराष्ट्र पाहिला असलाच तर देवदर्शनापुरता. माझं माहेर सांगलीकडचं, आणि नवरा गाड्यांच्या कारखान्यात, उजाडताच कंपनीच्या बसने जाणारा. पहिल्या दिवशी मी मालकांना काका म्हटलं तर त्यांच्या बायकोने मला थांबवलं. "मामा म्हण, अम्मा. काका म्हटले की मला कोणी म्हातारा आला असे वाटते." मामा तेव्हाच पंचाहत्तरीच्या पुढे गेलेले होते. तेव्हापासून ते मामा, त्या मामी आणि मी, तिकडच्या रीतीने, अम्मा.

मामींना दिसत नसे. काचबिंदूने डोळे गेले होते, उजेड-अंधार तेवढा कळायचा. मामा उभा जन्म जॉर्ज टाउनमध्ये, बंदरावरचा माल सोडवून देणाऱ्या एका कचेरीत इंग्रजी पत्रं लिहीत आले होते. रोज सकाळी ते व्हरांड्यात इंग्रजी पेपर उघडत आणि मामींना मोठ्याने वाचून दाखवत. डोळ्यांनी इंग्रजी आणि तोंडाने त्यांची ती जुनी मराठी, मध्ये कुठे अडखळणं नाही. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्या व्हरांड्यावर होती. कुकरच्या शिट्ट्यांमधून मला सगळं ऐकू यायचं. आधी तारीख, मग आजचं ऊन किती, मग सोन्याचा भाव, मग बातम्या. पान उलटल्याचा आवाज, घोटभर कॉफी, पुढची बातमी.

मला ते ऐकायला फार आवडायचं. माहेरी आमच्याकडे पेपर यायचा तो मुख्यतः डब्याखाली घालायला.

हळूहळू त्या बातम्या मला जराशा विचित्र वाटायला लागल्या. कावेरीला पाणी सुटलं आणि लोकांनी घाटावर दिवे लावले. एका गावात आटलेल्या विहिरीला पुन्हा पाणी लागलं. बंदरावर एक जहाज वाट चुकून आलं आणि खलाशांना कोणी कोणी घरी नेऊन जेवू घातलं. ही जहाजाची बातमी मी ऑफिसात सांगितली तर कोणाला पत्ता नव्हता. मी मनात म्हटलं, हे लोक फोनवर रेसिपी बघणारे, यांना काय ठाऊक. पण एका सणाच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा गावात कुठलाच पेपर निघत नाही, तेव्हाही खालून वाचनाचा आवाज आला. तारीख त्या दिवसाची होती. मी खिडकीतून वाकून पाहिलं. मामांच्या हातात पेपर होता, कडा मऊ पडलेला, आणि मामी नेहमीसारख्या मान तिरकी करून ऐकत होत्या. कालचाच वाचत असतील, असं म्हणून मी डाळीला फोडणी दिली. फोडणी जळली हे मात्र आठवतंय, कारण कालच्या पेपरातलं एकही अक्षर त्या वाचनात नव्हतं. कालचं वाचन मी ऐकलं होतं.

आता माझ्या कामाबद्दल. मी एका संस्थेत मोठ्या माणसांची चाचणी घेते. वाचता किती येतं, हिशेब किती जमतो, कॉम्प्युटर कितपत हाताळता येतो, हे पाहून माणसाला पातळी द्यायची, म्हणजे त्याला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरतं. परीक्षा म्हटलं की लोक पळतात, म्हणून आम्ही चाचणी म्हणतो. त्याने घाम काही कमी येत नाही. माझ्याकडे मराठी लोक सोपवलेले. जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांत सोनं-चांदी गाळणारी आमच्याकडची पुष्कळ घरं आहेत, त्यांतल्या बायका चाचणीला यायच्या. बोलायला वाघिणी, आणि कागद पुढे केला की घसा कोरडा.

या कामाचा एक नियम आहे, आणि तो आमच्याकडून इतका घोटून घेतलेला की अंगात मुरतो. चाचणी घेणाऱ्याने चेहरा हलवायचा नाही. उत्तर बरोबर आलं तर मान डोलवायची नाही, चुकलं तर भुवई उचलायची नाही. प्रत्येक उत्तराला एकच वाक्य, "धन्यवाद, पुढे जाऊ." कारण जिला अक्षर येत नाही ती बाई तुमचा चेहरा वाचते, आणि अशा बायका चेहरे वाचण्यात इतक्या तरबेज असतात की तुमच्या डोळ्यांवरून उत्तर सांगून मोकळ्या होतात. मी आरशासमोर उभी राहून चेहरा कोरा करायचा सराव करायचे. नवरा म्हणायचा, सराव कशाला, भांडण झाल्यावर तुझा असाच असतो.

मग चाचणीचा नवा संच आला, त्यात कॉम्प्युटरचा भाग वाढवलेला. नवा संच बाहेर नेण्याआधी आम्ही प्रत्येक जण तो घरच्या एखाद्या चांगल्या शिकलेल्या माणसावर चालवून पाहतो. त्याला सगळं येणार हे धरूनच चालतो. फक्त वेळ किती लागतो, प्रश्न कुठे अडतो, ते बघायचं असतं. नवऱ्यावर चालवला तर तो प्रश्नांच्याच चुका काढत बसेल, म्हणून मी मामांना विचारलं. मामा खूश झाले. दुपारी इस्त्रीचा सदरा घालून, केसांना पाणी लावून टेबलाशी येऊन बसले. मामी आत आडव्या झाल्या होत्या. पंख्याची घरघर आणि बाहेर एका कावळ्याची कावकाव, एवढाच काय तो आवाज.

आकड्यांचा भाग त्यांनी चुटकीसरशी उडवला. किलोचा भाव, सुटे पैसे, बसची वेळ, शेकडेवारी. मी प्रश्न पुरा करायच्या आत उत्तर. "अम्मा, जरा कठीण विचार की, मला झोप येते," म्हणाले. मी नियमाप्रमाणे न हसता म्हटलं, "धन्यवाद, पुढे जाऊ."

पुढे वाचन होतं. मराठी उतारा नको, इंग्रजी दे, जन्मभर तेच केले, असं त्यांनी सांगितलं. मी इंग्रजी उतारा पुढे ठेवला. एक बाई मुलीला घेऊन दवाखान्यात जाते, तिथे चिठ्ठी काढते, अशी साधी गोष्ट. मामांनी चष्मा नीट केला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. आवाज खणखणीत, इंग्रजी साहेबी. बोट ओळीवरून सरकत होतं, ओळ संपली की खालच्या ओळीवर येत होतं. ते वाचत होते की पावसामुळे माल धक्क्यावर अडकला आहे, पेट्या भिजू नयेत म्हणून ताडपत्री घातली आहे, तरी महाशयांनी काळजी करू नये. उताऱ्यात पाऊस नव्हता. पेट्या नव्हत्या. बाई आणि मुलगी दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या, आणि मामांचं बोट त्यांच्यावरून शांतपणे फिरत होतं.

उतारा जिथे संपला तिथेच त्यांचं पत्रही संपलं. त्यांनी वर पाहिलं, सरळ माझ्या चेहऱ्याकडे, आणि बघतच राहिले. ही नजर माझ्या ओळखीची होती. जॉर्ज टाउनमधल्या बायका कागद बाजूला सारून माझ्याकडे अशाच बघायच्या.

"धन्यवाद, पुढे जाऊ," मी म्हटलं. दुसरं वाक्य मला येतच नव्हतं.

शेवटी कॉम्प्युटर. मी सांगेन ते वाक्य टाइप करायचं आणि मग पडद्यावरून वाचून दाखवायचं. मामा टायपिंग शिकलेले, कीबोर्डकडे न बघता बोटं चालवणारे. मी वाक्य सांगितलं, 'आमच्या घरात दोन माणसे राहतात' अशा अर्थाचं इंग्रजी. बोटं टकटक चालली, वाक्य उमटलं, एक चूक नाही, शेवटी पूर्णविरामसुद्धा. मी म्हटलं, आता वाचा. ते पडद्याजवळ सरकले. खूप वेळ बघत बसले. मग हळू आवाजात विचारलं, "हे कोणी लिहिले?"

मी पडद्याकडे पाहिलं.

"येथे आधी कोणी बसले होते काय?" ते म्हणाले, आणि खोलीत मागे वळून पाहिलं. मीही पाहिलं, मला काय झालं होतं कोण जाणे. मागे भिंत होती आणि दिनदर्शिका.

मी कॉम्प्युटर बंद केला, चहा नको म्हणून सांगितलं आणि जिना चढले. पुढे डॉक्टरांनी समजावलं की मेंदूच्या मागच्या बाजूला एखादी बारीक शीर बंद पडली तर असं होऊ शकतं. लिहायचं हाताला येतं, आकडेही कळतात, फक्त अक्षर वाचता येत नाही, स्वतःचं लिहिलेलंसुद्धा नाही. डॉक्टर हे सांगत असताना आठवडी बाजाराचा भाव सांगितल्यासारखं सांगत होते. पण त्या संध्याकाळी मला यातलं काही माहीत नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, म्हातारा तुझी फिरकी घेत असेल, आणि हे बघ, आपण भाडेकरू आहोत, आपल्याला काय करायचंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोच पेपर फोनवर उघडून खिडकीशी उभी राहिले. खालून तारीख आली, बरोबर. ऊन, बरोबर. सोन्याचा भाव अगदी बरोबर. आणि त्यानंतरचं काहीच कुठे नव्हतं. पहिल्या पानावर मोठा अपघात होता, आणि मामा वाचत होते की एका देवळाचा हत्ती आजारातून उठला. फोटो होता तिथे ते थांबले, "फोटोपण आहे," म्हणाले. पान उलटलं. मी फोन बंद केला. भर सकाळी, कडक उन्हात मला त्या आवाजाची भीती वाटली. तो आवाज इतका खात्रीचा होता की क्षणभर मला वाटलं, माझ्याच फोनमधलं चुकीचं असेल.

त्याच दिवशी मी गच्चीवर असताना मामा कपडे वाळत घालायला वर आले. हे काम ते कधी करत नसत. मामींची साडी दोरीवर पसरत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या परीक्षेत मी नापास झालो."

"परीक्षा नाही मामा, चाचणी."

"सरी, सरी. बरे, चाचणी." मग ते बोलत राहिले. एके सकाळी उठले तर पेपर कुठल्या परक्या मुलुखाच्या अक्षरांत छापलेला. छापखान्याची चूक म्हणून नाक्यावर जाऊन दुसरा आणला. तोही तसाच. दुकानांच्या पाट्या तशाच. बसचा नंबर कळत होता, पण त्याच्या शेजारी नुसत्या मुंग्या. घरी येऊन त्यांनी कपाटातली स्वतःची जुनी पत्रं काढली, तर त्यांतही मुंग्या शिरलेल्या. "तेवढ्यांत ती कॉफी घेऊन आली आणि वाचा म्हणाली. मी काय करू? वाचले."

"मुलाला सांगितलंत?" मुलगा परदेशात, रविवारी व्हिडिओ कॉल करणारा.

"त्याला सांगितले की तो येईल, घर विकेल, आम्हाला त्या वृद्धांच्या वसाहतीत ठेवील. आणि तिला कळले तर ती माझ्या हातून पाणीपण घेणार नाही. आंधळ्याला आंधळा काय देणार."

पाणी म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मामींचं हृदय नाजूक. रक्त पातळ राहण्याची गोळी त्यांना चालू होती, आणि ती मोजूनमापून द्यायची असते. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मामींना दिसत नाही, म्हणून गोळ्या मामा द्यायचे. मामांच्या स्वतःच्या साखरेच्या गोळ्याही त्याच डब्यात. गेल्या काही दिवसांत मामींच्या दंडावर निळे-काळे डाग दिसले होते, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, दाराला आपटले.

"मामा, गोळ्या कशा देता?"

"रंगाने. पांढरी लहान तिची."

"आणि दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली तर? रंग बदलला तर?"

ते साडीच्या चुण्या सरळ करत राहिले. "बदलतात," म्हणाले. "मग मी अंदाज करतो."

मला संताप आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. मी म्हटलं, गोळ्या मी लावून देते. तर म्हणाले, नको, ती विचारील का म्हणून. मी म्हटलं, मग मी त्यांना सांगते. मामांनी साडी सोडून माझ्याकडे पाहिलं, सांगू नकोस म्हणाले. पण वचन मात्र मी दिलं नाही.

त्या दिवशी दुपारी मामा अंघोळीला गेल्याचं पाहून मी खाली उतरले. उन्हाळ्यात ते दोनदा अंघोळ करायचे. मामी खाटेवर बसून जाईच्या कळ्या ओवत होत्या. दिसत नसलं तरी त्यांचा दोरा कधी चुकत नसे. मी शेजारी बसले. कसं सांगायचं ते पाठ करून आले होते आणि सगळं विसरले. शेवटी म्हटलं, "मामी, मामांच्या वाचण्याबद्दल थोडं बोलायचं होतं."

मामींनी कळी ओवली. "त्यांना वाचता येत नाही म्हणून सांगायला आलीस?"

बाथरूममध्ये पाणी पडत होतं. मामींचा आवाज तांदूळ निवडताना बोलावा तसा. "पेपरांत माणसे मरतात, अम्मा. रोज कोणी तरी मरते. गाडीखाली, पाण्यांत, भांडणांत. लग्न झाल्यापासून ऐकते मी. ह्यांच्या पेपरांत आता कोणीच मरत नाही. पहिल्या दिवशी वाटले, आजचा दिवस बरा गेला. मग रोजच कोणी मरेना. मला भीती वाटू लागली."

इतके दिवस ऐकूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. विहिरी, हत्ती, जहाजं, दिवे. खालच्या व्हरांड्यात कोणी मरतच नव्हतं.

"मग गोळ्या?" मी विचारलं. "मामी, त्या कुठल्या देतात ते त्यांना कळत नाही. तुम्ही घेता?"

"घेते."

"हे ठाऊक असून?"

"जिभेला कळते. एखादे दिवशी कडू असते, एखादे दिवशी गुळगुळीत, एखादे दिवशी दोन असतात." त्यांनी दोरा दाताने तोडला. "भीती वाटते. रोज वाटते. पण नको म्हटले तर त्यांना कळेल, मला कळले म्हणून. मग ते वाचायचे थांबतील. आणि त्या माणसाने वाचायचे थांबवले तर काय राहील त्यांचे?"

त्यांच्या दंडावरचे डाग आता कोपराच्या खाली उतरले होते. मी त्यांचा हात धरला तर त्या म्हणाल्या, दुखते.

पाणी पडायचं थांबलं होतं, कधी ते मला कळलं नाही. मामा दारात उभे होते, ओल्या केसांनी, एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात गोळ्यांची पट्टी. किती ऐकलं ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मी लोकांना शिकवला असता असा तो कोरा चेहरा होता. ते नेहमीसारखे खाटेजवळ आले, पेला स्टुलावर ठेवला आणि रोजच्यासारखं म्हणाले, "गोळी."

मामींनी तळहात पुढे केला.

मामा पट्टी फोडायला गेले आणि त्यांचा अंगठा तसाच राहिला. त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली, दूर धरली, पुन्हा जवळ आणली. मामी हात पुढे करून बसून होत्या. मग मामांनी ती पट्टी माझ्या मांडीवर ठेवली.

"तू वाच," ते म्हणाले. "मोठ्याने वाच. तिला ऐकू दे."

मी मोठ्याने वाचलं. ती मामींची गोळी नव्हती. मामांची होती. मी वाचून संपवलं तरी मामींचा हात पुढेच होता.